काट्याचा आकडा आणि काकांचा आकडा

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरची थंडगार खोली होती. चपला बाहेर काढून आत जायचं. मशीन बसवणाऱ्यांनी दारामागे एक कागद डकवला होता: तापमान अठरा ते चोवीस, हवेतला ओलावा चाळीस ते साठ टक्के. त्याबाहेर गेलं आणि मशीन बिघडलं तर जबाबदारी आमची. दर तासाला हे दोन आकडे रजिस्टरमध्ये लिहायचं काम एसी प्लांट सांभाळणाऱ्या काकांचं. काका मालवणकडचे, संपात गिरणी बंद पडल्यावर इथे लागलेले. मी ऑपरेटर. नोकरीला वर्षही झालं नव्हतं.

ऑगस्टात प्रिंटर रोज अडकायला लागला. कागद आतल्या आत गोळा व्हायचा आणि साहेब माझ्यावर वैतागायचे. म्हणून मी रजिस्टर उघडून बघितलं. दुपारच्या रकान्यांत ओलावा सहासष्ट, अडुसष्ट. भिंतीवरच्या ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा काटा मात्र बावन्नवर.

दुसऱ्या दिवशी मी लक्ष ठेवलं. काका आत आले, क्षणभर उभे राहिले, प्रिंटरच्या कागदाची कड बोटांत चोळली आणि आकडा लिहून निघून गेले. काट्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात ते मला गेटबाहेरच्या टपरीवर दिसले, एसी दुरुस्त करणाऱ्या कंत्राटदाराच्या माणसाबरोबर. दोघं मालवणीत हळू बोलत होते. मला बघून थांबले. मग मला शंकाच उरली नाही. आकडे फुगवायचे, प्लांट बिघडलाय म्हणायचं आणि काम गाववाल्याला मिळवून द्यायचं. चार दिवस मी डायरीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि डायरी साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी काकांना बोलावलं, काही न विचारता रजिस्टर त्यांच्याकडून काढून माझ्याकडे दिलं. काका मान खाली घालून गेले. तेही मला कबुलीसारखंच वाटलं.

सोमवारी प्रिंटरसाठी इंजिनीयर आला. त्याच्याकडे एका मुठीला जोडलेले दोन थर्मामीटर होते, एकाच्या टोकाला ओलं कापड. खुळखुळ्यासारखे हवेत गरगर फिरवून त्याने तक्ता बघितला. ओलावा सदुसष्ट. मग त्याने भिंतीवरच्या यंत्राच्या काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. तो कधीचाच अडकून बसला होता.

साहेबांनी काकांना पुन्हा बोलावलं. तेव्हा कळलं की गिरणीत सूत तुटू नये म्हणून हवेत पाण्याचे फवारे सोडतात, त्या खात्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. हवा किती ओली ते त्यांच्या बोटांना कळायचं. खोलीच्या दाराचं रबर फाटलं होतं, बाहेरची हवा आत येत होती, आणि नवं रबर लवकर आण म्हणून ते टपरीवरच्या त्या माणसाच्या मागे लागले होते.

"मग मला का नाही सांगितलंत?" साहेब म्हणाले.

"माका कोणी इचारूकच नाय."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काका, चुकलं माझं." ते प्लांटकडे वळले.

रबर बदललं, भिंतीवर नवं यंत्र आलं, रजिस्टर काकांकडे परत गेलं. पण आता ते दर तासाला आकडा लिहून झाला की रजिस्टर माझ्यासमोर फिरवून धरत. "सही करा, मॅडम." माझी सही झाल्याशिवाय जागचे हलत नसत. मी सही करायची. खरं सांगायचं तर करण्याआधी काट्याकडे बघायची, आणि मी बघते आहे हे ते बघत असत.