लाल दोरा, पिवळा दोरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. नमाजानंतर हात उचलते तेव्हाही जीभ रेटत नाही — तिथं तर सगळं ठाऊकच आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

पिरंगुटच्या बाजारात आमचं दुकान. गिऱ्हाइकाचा माल बाजूला ठेवायचा तर आम्ही खोक्याला दोरा बांधतो, ज्याचा त्याचा रंग ठरलेला. घरातही तीच सवय. धाकटा दीर आखातात कामाला. तो काही पाठवायचा तेव्हा त्याच्या पोराच्या, सलीमच्या वस्तूला लाल दोरा बांधायचा, माझ्या अन्वरच्या वस्तूला पिवळा.

एका खेपेला दोन बाहुले आले. एक जपानी यंत्रमानव, एक अमेरिकन शिपाई. मी पडले दुकानदाराची बायको — आधी तळहातावर तोलले. जपानी भरीव धातूचा, सांधे घट्ट, कळ दाबली की मूठ सुटायची. शिपायाचे कपडे झकास, पण आत पोकळ प्लास्टिक आणि कमरेत नुसतं रबर. वरचा दिखावा. किमतीच्या चिकट्या तशाच होत्या. जपान्याची किंमत दुपटीहून जास्त. आणि लाल दोरा जपान्याला.

बापानं आपल्या पोराला चांगलं घेतलं, त्यात गैर काय? पण माझ्या अंगाची लाही लाही झाली. ह्याची बायको-पोर आमच्या दुकानावर जेवणार, आणि माझ्या पोराला हलकं? मी चिकट्या खरवडल्या. दोऱ्यांची अदलाबदल केली. एवढंच केलं — एवढंच?

आठवडाभरात शिपायाचं रबर तुटलं, पाय गळून पडले. सलीमनं ते सुतळीनं बांधले. दीर सुट्टीवर आला की सगळं उघडं पडणार, ही धास्ती लागून राहिली. दीर आलाच नाही. तिकडं परांचीवरून पडला, तिकडंच मातीआड झाला. घरात हंबरडा फुटला. मीही रडले. आणि रडता रडता मला — कसं सांगू? — सुटल्यासारखं वाटलं.

चाळिसाव्याच्या दिवशी मी भांडी विसळत होते. सलीम तो शिपाई घेऊन जवळ येऊन बसला.

"मोठी अम्मा, अब्बांनी अन्वरला चांगलं घेतलं, मला असलं का? मी त्यांना आवडत न्हवतो व्हय?"

तेव्हा तोंड उघडलं असतं तर पोराला त्याचा बाप परत मिळाला असता. मी काय म्हणाले?

"आता कुणाला इचारायचं, बाळा?"

त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. बापाचं नावच टाकलं. जाऊ म्हणते, "पोरगं दगडाचं हाय." मी मान डोलावते.

त्याला वर्षं लोटली. परवा सलीमला उरवड्याच्या कारखान्यातला पहिला पगार मिळाला. मागाहून झालेल्या माझ्या धाकट्या मुलीसाठी खेळणं घ्यायचं म्हणून मला पुण्याला घेऊन गेला. दोन बाहुल्या त्यानं तळहातांवर तोलल्या, सांधे हलवून पाहिले.

"ही घिऊ," म्हणाला. "महाग हाय, पर टिकंल. पोरीला हलकं न्हाई द्यायचं."

मी पिशवी उघडून धरली.