आधी नाश्ता, मग इंग्रजी

इंदूरच्या तुकोगंजमध्ये आमचा क्लास आहे. परदेशात इंग्रजी शिकवायला जायचंय, अशा लोकांची आम्ही तयारी करून घेतो. इथे किस्से जमवावे लागत नाहीत, रोज चहाबरोबर एखादा येतोच. त्यातले निम्मे मेधाताईंचे. वय पन्नाशीचं. त्यांची शाळा बंद पडली आणि इंदूरमध्ये या वयात त्यांना कुणी घेईना. "समोर वर्ग नसला तर मी आजारी पडेन," म्हणायच्या. आणि घरी बसून खरंच सुकल्या होत्या बाई.

* * *

पहिला इंटरव्ह्यू थायलंडचा. समोरच्यानं विचारलं, इंग्रजी तुमची मातृभाषा आहे का?

ताई म्हणाल्या, "नाही. मला ती शिकावी लागली. म्हणून तर शिकवता येते."

अख्खा क्लास खूश! नोकरी मात्र मिळाली नाही.

* * *

मग आमच्या क्लासमधल्या रोहितनं सल्ला दिला की ताई, थोडा अ‍ॅक्सेंट मारा ना, सब चलता है. ताई जिद्दीच्या. प्रॅक्टिस म्हणून कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याशी तसंच बोलल्या. त्यानं बाहेरची बाई समजून, तिखट लागेल म्हणून पोह्यांवर शेवच टाकली नाही! ताईंनी अ‍ॅक्सेंट तिथल्या तिथे सोडला आणि मूठभर शेव घालून घेतली.

* * *

दुसरा इंटरव्ह्यू ऐन लग्नसराईत. शिकवण्याचा डेमो सुरू झाला आणि नेमकी खिडकीखाली वरात थांबली. बँड असा की बोललेलं धड ऐकू येईना. मी घामाघूम. ताईंनी लॅपटॉप उचलून खिडकीशी नेला आणि इंटरव्ह्यू घेणाऱ्यालाच सांगितलं, काय काय दिसतंय ते इंग्रजीत बोला. तो बिचारा घोडा, नवरदेव, नाचणारी माणसं, सगळं सांगत बसला. क्या बात है भिया, मी तर फिदाच झालो! पण तिथे वय आडवं आलं.

* * *

तिसरा व्हिएतनामचा. हा शेवटचा, असं ताईंनी आधीच सांगून टाकलं होतं. सकाळची वेळ. स्क्रीनवर खरा वर्ग, मुलांच्या शेजारी मुख्याध्यापिका. मुलं ढिम्म. एक शब्द बोलेनात.

ताईंनी आम्ही घोटून घेतलेला लेसन प्लॅन बाजूला ठेवला. जुन्या शाळेत त्या हजेरीआधी रोज मुलांना एकच प्रश्न विचारायच्या, तोच इंग्रजीत विचारला. नाश्ता झाला का? हळूहळू मुलं बोलायला लागली. कुणी नूडल्स खाल्ले होते, कुणी अंडं. मागच्या बाकावरची एक चिमुरडी म्हणाली, "नो." तेवढ्यात वेळ संपली.

मुख्याध्यापिकेनं विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय? पगार, व्हिसा, राहायची सोय, सगळे प्रश्न आम्ही पाठ करून घेतले होते. मी बाजूनं खुणा करतोय. ताईंनी एकच विचारलं.

"त्या मुलीला कुणी खायला देईल का?"

मुख्याध्यापिका उठून गेल्या. ताई रिकाम्या खुर्चीकडे बघत बसल्या. रोहितनं कपाळाला हात लावला. बऱ्याच वेळानं बाई परत आल्या.

"खातेय ती. तुम्ही कधी येताय?"