अटलांटिकवर गप्प बसलेले भाऊ

भाऊंना मी प्रत्यक्ष कधीच पाहिलं नाही.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

ते रावेरकडचे, केळीवाले. मी धुळ्याचा. बारावीच्या पेपरला घाबरून हॉलमधून उठून आलो, त्यानंतर फारसा घराबाहेर पडलोच नाही. बसमध्ये चढलो की छातीत धडधडतं.

घरात कॉम्प्युटर होता. त्यावर फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे विमान उडवायचा खेळ. जुनी, गाजलेली, लांब पल्ल्याची उड्डाणं जशीच्या तशी करायची, हा माझा नाद. तेच विमान, तोच मार्ग, तेवढंच पेट्रोल. खेळातली वेळ पुढे पळवायची नाही, खऱ्या उड्डाणाला लागले तेवढेच तास.

भाऊ एका ग्रुपवर भेटले. म्हणाले, तू उडव, मी फोनवर विमानतळाचा टॉवर होतो.

तेव्हापासून लंडन ते कराचीच्या जुन्या टपालमार्गावरचं प्रत्येक विमानतळ रावेरच्या बोलीत बोलायला लागलं.

"बगदाद टॉवर. उतर रे पोरा, रनवे मोकळा हाये. म्हैस व्हती, हाकलली."

मी सांगायचो, भाऊ, टॉवर असं बोलत नाही, नियम असतात. ते म्हणायचे, बगदादले कोन जाते पाह्याले.

मग अटलांटिक आला.

न्यूयॉर्क ते पॅरिस, १९२७ सालचं गाजलेलं उड्डाण. एकटा माणूस, एक इंजिन. त्याच्याकडे रेडिओच नव्हता. म्हणून मी ठरवलं, समुद्रावर टॉवर बंद.

यावरून आमचं भांडण झालं. तुले पाण्यावर एकटं सोडू का, म्हणाले. मी म्हटलं, तोही एकटाच होता.

किनारा मागे गेला. स्क्रीनवर नुसतं पाणी.

खाली आमच्या घराची फरशी होती, मला माहीत होतं. तरी तळहाताला घाम फुटला. श्वास पुरेना.

शेवटी म्हणालो, "भाऊ, बोलू नका. पण फोन ठेवू नका."

"बरं."

दीड दिवसाचं उड्डाण. भाऊ शेतात गेले, जेवले, झोपले. फोन चालूच.

माझ्या हेडफोनमध्ये त्यांची मोटर, त्यांचा कुकर, त्यांचं घोरणं. वहिनी विचारत होत्या, त्या पोराले काही कामधंदा हाये की नाही, आन् तुमाले तरी हाये का?

भाऊंनी वहिनींनाही उत्तर दिलं नाही. नियम म्हणजे नियम.

इकडे आई दारातून ओरडली, "दर्यावरच शे का अजून? जेवाले ये."

पॅरिसला चाकं टेकली, विमान थांबलं. तेव्हा कानात हळूच आवाज आला.

"आता बोलू का?"

मागच्या वर्षी भाऊंचं फुफ्फुस गेलं. घरीच ऑक्सिजनचं मशीन लावलं. त्यांना भेटायला मी दोनदा स्टँडवर गेलो. दोनदा परत आलो. तसं सांगितलंही. ते रागावले नाहीत.

मग एका सकाळी त्यांचाच फोन आला. एका वाक्याला तीनदा थांबत होते.

"येऊ नको. मले आता बोलवत नाही. पन मले भेव वाटते रे. फोन ठेवू नको."

भाऊंना भीती वाटत असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मी म्हणालो, "भाऊ, मी आहे." त्यानंतर काही बोललो नाही.

फोन त्यांच्या उशाशी होता. माझा चार्जरला लावलेला. मशीनची घरघर. येणारी-जाणारी माणसं. चहात साखर जास्त झाली म्हणून कुणीतरी कुणाला तरी बोललं. मधूनच भाऊंचा खोकला. खोकला आला की मला बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुणीतरी मशीन बंद केलं.

मी ऐकत राहिलो. फोन ठेवायचा असतो, हे सुचलंच नाही.

थोड्या वेळाने वहिनींचा आवाज आला, अगदी जवळून.

"बेटा, आयकू ऱ्हायला का? ठेव आता. आमाले रडू दे."

मी ठेवला.

भाऊ, तुम्हाला नमस्कार. खूप आठवण येते.