वाघाला ऐकवलेलं राजस्थान

वाघ आमच्या मचाणाखाली येऊन बसला, तेव्हा शिडी जमिनीवर पडलेली होती. ती मीच पाडली होती. वर चढताना शेवटच्या पायरीला मारलेली ती लाथ सत्तरीत मला पुन्हा जमणार नाही!

मचाण म्हणजे धानाची राखण करायला चार खांबांवर बांधलेला बांबूचा माळा. दोन वर्षं कोणी त्याला हात लावला नव्हता. त्यावर मी, माझी सून वैशाली आणि मोहफुलांची अर्धी टोपली. (टोपली वर कशी आली, दोघींनाही माहीत नाही.) खाली तो. पाय पसरून, सावलीत, जावयासारखा.

चैत्रात आमच्याकडं बायका पहाटेच मोहा वेचायला निघतात. वेचायचं म्हणजे वाकायचं, आणि वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं. गेल्या साली पलीकडच्या गावची एक बाई अशीच गेली. त्यावर मी हसणार नाही, तुम्हीही हसू नका. म्हणून आमचे नियम दोन. एक, सारखं मोठ्यानं बोलत राहायचं, म्हणजे इथं माणसं आहेत हे त्याला कळतं. दुसरा, जंगलात त्याचं नाव घ्यायचं नाही. घेतलं की येतो.

"आत्याबाई, ओरडा ना जी! गाव धावून येईन! वा..."

मी वैशालीचं तोंड दाबलं. "नाव नको घेऊ!"

"अवो, आता तं आलाच ना तो!"

"एक आला. दुसऱ्याले बोलावून राह्यली का?"

मग "धावा, धावा" असं ओरडून पाहिलं. कोणी धावलं नाही. वैशालीचा फोन खाली, पाण्याच्या बाटलीजवळ, त्याच्या शेपटीपासून दोन हातांवर. आणायला जातेस का, असं मी तिला विचारलं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की क्षणभर मला खालचाच बरा वाटला.

आम्ही गप्प झालो. तशी त्यानं मान वर केली. पिवळे डोळे सरळ माझ्यावर! मी वैशालीला कोपरानं ढोसलं.

"बोल वो, काहीतरी बोल!"

"काय बोलू जी? मले तं राजस्थानच आठवते!"

आता हे राजस्थान सांगायला हवं. माझा मुलगा मोहर्लीला, जंगल-सफारीच्या फाटकावर, उघडी जिप्सी चालवतो. कुठकुठचे लोक सुट्टी काढून येतात, त्यांना तो वाघ दाखवायला जंगलात फिरवतो. एक दिवस त्याच्याच मनात आलं, आपणही सुट्टी काढून राजस्थानला जावं, वाळवंट पाहावं. घरात सगळे तयार. मी महिनाभर नाही म्हणत होते. कारण साधं होतं, मला भीती वाटत होती.

"तिथी झाड नाई म्हणतेत," मी वरून खड्या आवाजात म्हटलं. "एखादं जनावर मांगं लागलं तं माणसानं चढावं कशावर?"

"उंटावर चढा!"

"अन् उंटच मांगं लागला तं?"

खालच्यानं मान परत पंजावर ठेवली. हे चालतं तर! मग आम्ही सुरूच झालो. वाळूत पाय रुतले तर? पाणी संपलं तर? ("चंद्रपूरच्या उन्हात मोहा वेचता, अन् तिथं काय मरता जी?") भाकर मिळाली नाही तर? म्हाताऱ्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, घरी ठेवलं तर? शेजारणीच्या मेथीवड्यांपर्यंत सगळं झालं. घसा कोरडा पडला, की मी टोपलीतलं एक मोहफूल चोखायचे आणि पुन्हा भांडायला लागायचे.

मध्येच त्यानं जांभई दिली. त्या तोंडात माझं डोकं पदरासकट मावलं असतं.

आणि तेव्हाच माझ्या सुनेला अक्कल सुचली.

"आत्याबाई, राजस्थानले येतो म्हणा. नाईतं मी चूप बसीन."

"काय?"

ती चूप बसली! खरंच! सासूला वाघाच्या धाकावर फिरायला नेणारी सून मी तरी दुसरी पाहिली नाही. मी एकटीच बोलायला गेले, तर आवाजच फुटेना. तो उठला. आळस दिला. मचाणाच्या खांबावर पुढचे दोन्ही पंजे टेकवले आणि नखं ओढली. सगळा माळा माझ्या दातांसारखा वाजायला लागला.

"येईन!" मी ओरडले. "राजस्थानले येईन! उंटावर बसीन! उंटाले आंघोळबी घालीन! बोल माय, बोल!"

वैशालीचा स्वतःचाही रंग उडाला होता, पण ती बोलायला लागली. पोरगी एकेक दिवस घडाघडा सांगू लागली. पहिल्या दिवशी जयपूर. दुसऱ्या दिवशी किल्ला. तिसऱ्या दिवशी बाजार. तो खांबावरून उतरून परत बसला.

"चौथ्या दिवशी पहाटेच उठाचं, जिप्सीत बसाचं, अन् जंगलात..."

"वाळवंटात जंगल? कशाले?"

तिनं तोंडानं काही सांगितलं नाही. (नियम!) नुसतं बोट खाली केलं.

"त्याले पाहाले?"

"तुमच्या लेकाले एकदा दुसऱ्याच्या जिप्सीत मांगं बसून पाहाचा हाय जी. तिकिटंबी काढली."

बस! माझं डोकं फिरलं.

"अरे देवा! घरचा सोडून, तिकीट काढून, राजस्थानले वाघ पाहाले जाता? वाघ? वाघ? वाघ?"

तीन वेळा नाव घेतलं! घेतल्यावर माझ्या लक्षात आलं आणि मी डोळे मिटले. आता दुसरा येईल, तिसराही येईल.

आलं ते गाव, ते नाव ऐकून. थाळ्या, डबे, काठ्या, पुढं आमचा म्हातारा. मी डोळे उघडले तेव्हा वाघ कान पाडून नाल्याकडं निघाला होता. पळत नव्हता, पण मागं वळूनही पाहत नव्हता.

"इतका वेळ कुठी होते तुमी?" मी वरूनच विचारलं.

"पलीकडच्या बांधावर," म्हातारा शिडी लावत म्हणाला. "आवाज तं येऊन राह्यला होता. मले वाटलं, तुमचं रोजचंच हाय."

गावानं मान डोलावली. सगळ्यांनाच तसं वाटलं होतं!

मचाणावर आम्ही दोघी होतो, दोघी जिवंत आहोत. वाघही जिवंत आहे. माझं तोंड इतक्या जवळून ऐकून वाचलेला, घरच्यांच्या बाहेरचा तो एकटाच.