आखाजीच्या आदल्या दिवशी घासलेली बरणी

आमच्या घरात अजूनही सांगतात की पहिल्या वहिनीच्या हाताला यश नव्हते. तिने लावलेली तुळस वाळली, तिने पाळलेले मासेसुद्धा मेले. तुळशीचे मला माहीत नाही. मासे मी मारले.

आमचे गाव जऊळका स्टेशनापासून बैलगाडीच्या वाटेवर. वडील गेल्यापासून घर आईच्या शब्दावर चालायचे. थोरला भाऊ शेती पाहायचा, मी विशीतला, बराचसा रिकामाच. वहिनी रिसोडकडच्या मळेवाल्यांची. लग्नाला बरीच वर्षे होऊनही मूल नव्हते. एकदा माहेरून येताना तिने लोट्यात बोटभर लांबीचे रुपेरी मासे आणले. तिच्या वडिलांच्या विहिरीतून ते मोटेबरोबर वर येत आणि मोट जिथे रिकामी होते त्या दगडी थारोळ्यात पडत. भावाने तिला कारंज्याहून काचेची मोठी बरणी आणून दिली. आईला न विचारता त्याने वहिनीसाठी केलेले तेवढेच एक काम मला आठवते.

"पोट रिकामं अन् बरनी भरलेली," आई शेजारणींना सांगायची. त्या हसायच्या. मीही हसायचो.

ओसरीवर बसल्या बसल्या मी वहिनीला विचारत राहायचो, आणि ती सांगायची. घरात तिच्याशी सरळ बोलणारा मी एकटाच होतो, म्हणून सांगत असावी.

"विहिरीचं पानी एकदम टाकाचं नाई, भाऊजी. रातभर उघड्या घागरीत राहू द्याचं, मंग तांब्या-दोन तांबे बदलाचं. सारं बदललं का मासा मरते."

"काहून? ताजं पानी तं चांगलं."

"तुमाले कोनी उन्हातून उचलून थंड्या डोहात फेकलं तं?"

मासे त्या जुन्या पाण्यात मुरलेले असतात, असे ती म्हणे. बरणीच्या तळाची घाण ती पपईच्या पोकळ देठाने ओढून काढी. काचेला धरलेले हिरवे शेवाळ ती तसेच ठेवी. ज्वारीचे पीठ चिमटीपेक्षा कमी टाकी आणि उरलेले लगेच काढून घेई. "भुकेनं कमी मरतात, भाऊजी. खाऊ घालूनच जास्त मरतात."

त्या हिवाळ्यात एका घरून सांगावा आला. त्यांच्या दोन मुली होत्या. थोरली माझ्या भावाला दुसरी म्हणून आणि धाकटी मला द्यायची होती. दोघी एकाच घरात द्यायच्या, नाहीतर एकही नाही, असे त्यांचे म्हणणे. धाकटीला मी पाहिले होते. पाहिल्यापासून मला दुसरे काही सुचत नव्हते.

भाऊ मात्र अडून बसला. "आनखी एक वरीस पाहू," म्हणाला.

"काय पाहतं रे तू?" आई उसळली. "इच्या हातानं काही जगते का? ते मासे आखाजीपावतर जगू दे, मंग मी वरीसभर तोंड उघडत नाई!"

आई टोमणा मारत होती. भावाने तो शब्द धरून ठेवला. "ठरलं मंग," तो म्हणाला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. वहिनीने ऐकले होते.

त्यानंतर ती बरणीला जिवापलीकडे जपू लागली. चैत्राच्या उन्हात बरणीभोवती ओले फडके गुंडाळायची, सावली सरकली की बरणी सरकवायची. मासे चांगले तरतरीत होते. एका मासळीचे पोट फुगले होते. "अंडे हायेत," तिने मला हळूच सांगितले. सांगताना ती लाजली होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरतात. त्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे पाण्याचे प्रत्येक भांडे रिकामे करून राखेने घासायचे आणि ताज्या पाण्याने भरायचे. शिळे पाणी त्या दिवशी घरात राहू द्यायचे नाही. वहिनी गोधड्या धुवायला नदीवर गेली होती. आईने मला काही सांगितले नव्हते. मी आपण होऊन उठलो. मासे तांब्यात काढले, चुलीतली राख घेतली आणि काथ्याने बरणी आतून खसाखसा घासली. मग विहिरीचे नुकते शेंदलेले पाणी काठोकाठ भरले. बरणी इतकी लखलखीत कधीच नव्हती. मासे आधी सैरावैरा धावले, मग वर येऊन तोंडे उघडीत राहिले. मी समोर बसून पाहत होतो.

वहिनी आली तेव्हा ते आडवे तरंगत होते. तिने पाण्यात बोट बुडवून जिभेला लावले.

"बरनी कोनं घासली?"

"मी घासली," मी म्हणालो. "सारेच भांडे घासले आज."

"सनासुदीचं शिळं पानी घरात ठेवतं, अन् वरून इचारतं?" आई म्हणाली.

"आत्याबाई, भाऊजीले मालूम होतं. मी त्याइले सारं सांगतलं होतं."

आई माझ्याकडे वळली. दारातून भाऊही पाहत होता. "काय सांगतलं होतं रे तुले?"

"मले? मले काईच नाई सांगतलं. मासे पाळाचं बायकाचं काम मी कायले इचारू?"

आई खो खो हसली. वहिनी माझ्याकडे पाहत राहिली. भाऊ मान खाली घालून गोठ्यात गेला. त्याला मी खोटे बोलतोय हे कळले असेल, असे मला नेहमी वाटत आले आहे. पण मासे मेल्यावर आईचा तो शब्द त्यालाही सोयीचा झाला होता.

आखाजी झाल्यावर तिला गाडीत बसवून माहेरी पाठवले. तिने बरणी मागितली. "बरनी या घरची हाय," आई म्हणाली. त्याच उन्हाळ्यात आमची दोघा भावांची लग्ने एका मांडवात झाली. वहिनी परत आली नाही. भावाला मुले झाली, मलाही झाली. तिच्या हाताची गोष्ट त्या सगळ्यांनी आजीकडून ऐकली. सांगताना मी तिथेच बसलेला असे.

बरणीत माझ्या बायकोने कैरीचे लोणचे घातले. ते वर्षानुवर्षे टिकायचे, कधी बुरशी धरली नाही. आलेल्या-गेलेल्याला फोड वाढताना आई बरणीवर हात ठेवून म्हणायची, "पाहा, याले म्हनतात हात."

आणि मी ती फोड खायचो.