माठातलं पाणी

दिग्रसला मला बघायला पाहुणे आले होते. माझं भरतकाम त्यांना दिसावं म्हणून आईने मी भरलेला टेबलक्लॉथ मुद्दाम तिपाईवर घातला. त्याला लाल गोंडे लोंबत होते. माझा धाकटा भाऊ दीड वर्षाचा होता. त्याने गोंडा ओढला आणि उकळत्या चहाची किटली त्याच्या छातीवर उपडी झाली.

मी माठातून गडू भरून धावले. शेजारच्या काकू ओरडल्या, "पानी नोको टाकू, फोडं येतीन!" आणि मी थांबले. मॅट्रिक झालेली मी, थांबले! बाबा कारकून, त्यांनी दौत आणून त्याच्या छातीवर शाई ओतली. भाजल्यावर शाई लावतात, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पाहुण्यांनीसुद्धा माना डोलावल्या.

दवाखान्यात डॉक्टर शाई पुसू लागले, तर तिच्याबरोबर कातडीही निघायला लागली. "घरात पाणी नव्हतं काय?" त्यांनी विचारलं.

चौथ्या दिवशी तो गेला. त्याला शेवटची आंघोळ घालायला मी त्याच माठातून गडू भरला. तेव्हा मात्र काकू म्हणाल्या नाहीत, पानी नोको टाकू.