गेणबांची दुसरी कॅसेट

शहाण्णव साली इंदापुरात केबलवरच्या गावच्या बातम्या म्हणजे महिपती. लिहायचा तो, वाचायचा तो, मागचा निळा पडदा धुवायचाही तोच. वर इस्त्रीचा सदरा आणि टेबलाखाली लुंगी, हे फक्त त्याच्या बायकोला, सिंधुबाईला ठाऊक.

त्याला धास्ती एकच: आपल्यामुळं पाहुण्यांना कुणाची माती, शेवटचं दर्शन चुकायला नको. मागं एका म्हातारीच्या निधनाची बातमी राहिली, तर तिच्या भाच्यानं भर बाजारात विचारलं होतं, "कांद्याचा भाव सांगायला बरा टाइम घावतो रं तुला?"

म्हणून शेळगावचे गेणबा बारामतीच्या दवाखान्यात अत्यवस्थ आहेत असं कळताच महिपतीनं अतिशहाणपणा केला. कॅसेटीत मागाहून काही जोडायची सोय नव्हती. त्यानं सगळ्या बातम्या दोनदा वाचल्या. एका कॅसेटच्या शेवटी गेणबांना श्रद्धांजली, दुसरी श्रद्धांजलीविना. वाईट बातमी आली तर गेणबांचा मुलगा विजयसिंह फोन करणार होता. सहापर्यंत फोन वाजला नाही. महिपतीनं बिनश्रद्धांजलीची कॅसेट नेहमीप्रमाणं दुधाच्या टेम्पोतून बावड्याला धाडली. तिथल्या भिमाच्या केबलवर ती साडेसातला लागायची.

पावणेसातला त्यानं उरलेली कॅसेट सहज लावून पाहिली. शेवटी श्रद्धांजली येईना. पुन्हा लावली. येईना. म्हणजे श्रद्धांजलीचीच कॅसेट बावड्याला गेली होती. गेणबांची लेक शकुबाई बावड्यातच दिलेली.

"भिमाला फोन करा की," सिंधुबाई म्हणाली.

त्यानं फोन उचलला. आवाजच नाही. तो लुंगीवरच लुनावर बसला. रस्ताभर मनातल्या मनात बातम्या मोजत होता: बाजारभाव, कालव्याचं पाणी, शाळेचा निकाल, मग गेणबा.

बावड्यात भिमाच्या खोलीत तो शिरला तेव्हा टीव्हीवर निकाल चालू होता.

"आरं, तू हितं, मग आत ह्यो कोण?" भिमा म्हणाला.

महिपतीनं प्लगच उपटला. अख्ख्या बावड्याच्या पडद्यावर मुंग्या आल्या. पाच मिनिटांत दारात गर्दी जमली. तिच्यात शकुबाई.

"महिपतीदादा, आबांचं काय सांगणार व्हता का?"

"न्हाय, ताई. आबा बरं हायत."

बोलला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. फोन वाजला नाही, कारण फोन बंद होता. कधीपासून, कुणास ठाऊक. गेली ती कॅसेटच खरी असली तर?

दोघं एसटीडीच्या दुकानात गेली. तिसऱ्यांदा नंबर लागला. दवाखान्यातलं कुणीतरी "थांबा" म्हणालं आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून गेलं. शकुबाई महिपतीच्या तोंडाकडं बघत उभी. त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"कोण? महिपती व्हय?" विजयसिंहाचा आवाज आला. "आबा उठून बसल्यात. च्या पाणचट हाय म्हणून नर्सबाईला बोलत्यात."

महिपतीनं रिसीव्हर शकुबाईच्या हातात दिला आणि दुकानाच्या पायरीवर बसला.

त्यानंतर मयताच्या दारात स्वतः जाऊन आल्याशिवाय त्यानं निधनाची ओळ लिहिली नाही. त्यापायी पुढं दोघांची माती पाहुण्यांना चुकली. महिपतीनं शिव्या खाल्ल्या, पण ओळ आधी लिहिली नाही.